कापड धरतं कुठे, सुटतं कसं: एरियल सिल्कमधल्या चाली

एरियल सिल्क पाहताना सगळ्यांचे डोळे कलावंताच्या हातांवर खिळलेले असतात. छतापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या कापडावर ती सरसर चढते, अंगाभोवती दोन-चार वेढे घेते, हात सोडते आणि गरगरत खाली येऊन जमिनीपासून हातभर उंचीवर थांबते. त्या थांबण्यात हातांचा वाटा जवळजवळ शून्य असतो. तिला थांबवतात मांडीवरचे आणि कमरेवरचे वेढे. म्हणून या खेळातली कुठलीही चाल समजून घ्यायची तर आधी एकच प्रश्न विचारावा: या क्षणी कापडाने शरीर नेमकं कुठे धरलंय?

दोन शब्द आधीच सांगून ठेवतो, पुढे सारखे येतील. शरीराच्या वर छताकडे जाणारा, भार घेणारा कापडाचा भाग म्हणजे पोल. शरीराच्या खाली लोंबणारा मोकळा भाग म्हणजे टेल. एकाच लांब कापडाची मधोमध घडी घालून ते टांगलेलं असतं, त्यामुळे खाली दोन पट्टे मिळतात. काही चाली दोन्ही पट्टे एकत्र धरून करतात, काही पट्टे वेगळे करून.

वेढ्याचं गणित

बंदरात आलेल्या बोटीचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूस मोकळं टोक धरून सगळी बोट रोखू शकतो. इथेही तेच घडतं. शरीराभोवती कापड जितकं जास्त फिरतं, तितकी पकड वाढते, आणि ही वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. घर्षणगुणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात ते सांगणारा आकडा, ०.३ धरला तर एक पूर्ण वेढा टेलवरच्या ताणाच्या सुमारे साडेसहा पट भार पेलतो, दोन वेढे ४३ पट, तीन वेढे २८० पटींहून जास्त. म्हणजे ६० किलोंच्या माणसाला एका वेढ्यावर टिकायचं तर टेलवर ९ किलोंचा ताण हवा. दोन वेढ्यांवर दीड किलोही पुरतो.

आता चकचकीत, निसरडी लेगिंग घातली आणि गुणांक ०.२ वर आला असं समजू. दोन वेढ्यांची पकड ४३ पटींवरून थेट १२ पटींवर घसरते. प्रशिक्षक कपड्यांबद्दल इतके काटेकोर का असतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. घोट्यापर्यंत येणारी, अंगाला घट्ट बसणारी, फार न चकाकणारी लेगिंग आणि काख व कंबर झाकणारा टॉप हा साधा नियम. अंगठ्या, बांगड्या, कानातले, चेन, झिप, हुक यांतलं काहीही अंगावर नको. कापडात एक धागा अडकला की त्याची ओढ लांबवर जाते, आणि ते कापड पुढे भरवशाचं राहत नाही.

कापड आणि टांगणी

कापड साधारणपणे नायलॉन ट्रायकॉटचं, म्हणजे ताणणाऱ्या विणीचं असतं. ते आडवं भरपूर ताणतं आणि उभं मोजकंच. रुंदी अडीच ते तीन मीटर, म्हणजे मुठीत धरल्यावर त्याचा जाडसर दोर होतो आणि उलगडल्यावर झोपाळा. उभ्या ताणावरून त्याचे कमी ताणाचं आणि मध्यम ताणाचं असे प्रकार पडतात. नवशिक्यांना कमी ताणाचं सोयीचं, कारण जास्त ताणणाऱ्या कापडावर प्रत्येक पावलाला थोडं खाली येणं होतं आणि चढाईत निम्मी मेहनत वाया जाते. मोठे ड्रॉप, म्हणजे वेढे उलगडत खाली येण्याच्या चाली, करणाऱ्यांना मध्यम ताण आवडतो. त्याचं कारण पुढे येईलच. लांबीचा हिशोब असा: टांगण्याची जागा ६ मीटरवर असेल आणि जमिनीवर १ मीटर टेल पडायला हवी असेल, तर ७ चे दुप्पट १४ मीटर, आणि वरच्या गाठीसाठी थोडं जास्त.

टांगणीची साखळी वरून खाली अशी: इमारतीचा भार घेणारा बीम, त्याभोवती राउंड स्लिंग (मजबूत पट्ट्याचा बंद फास), लॉक होणारा स्टीलचा कॅराबिनर (उघडझाप करणारी कडी), पीळ सोडवणारा स्विव्हल, पुन्हा कॅराबिनर, मग इंग्रजी आठच्या आकाराचा रेस्क्यू एट आणि त्यात अडकवलेलं कापड. या साखळीत सर्वांत कमकुवत दुवा बहुतेक वेळा छत असतं. पंख्याचा हुक, झोपाळ्याचा हुक, फॉल्स सीलिंगची चौकट यांतलं काहीही चालत नाही. बीम किती भार पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचं, अंदाजाने ठरवायचं नाही. खाली २० ते ३० सेंटिमीटर जाडीची क्रॅश मॅट, म्हणजे पडल्यावर झटका शोषणारी गादी हवी. योगासनांची चटई म्हणजे मॅट नव्हे.

खांदा आधी, चढाई नंतर

पहिले काही वर्ग कंटाळवाणे वाटतात, कारण त्यांत नुसतं लटकणं असतं. हात सरळ ठेवून कापडाला लटकलं की खांदे कानांपर्यंत वर येतात. तिथून कोपर न वाकवता खांद्याची पाती खाली आणि किंचित मागे ओढायची, म्हणजे मान लांब दिसते आणि शरीर दोन-तीन सेंटिमीटर वर येतं. ही सक्रिय लटक. कापडावर हात डोक्याच्या वर असतील तेव्हा खांदे कायम याच स्थितीत हवेत. सैल खांद्यावर झटका आला की तो स्नायूंवर न येता सांध्याच्या अस्थिबंधांवर आणि स्नायुबंधांवर येतो, आणि तिथली दुखापत महिनोन्महिने रेंगाळते. दहा सेकंद सक्रिय लटक नीट जमत नाही तोवर उलटं होण्याची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा खेळ १९९० च्या दशकात फ्रान्स आणि कॅनडातल्या सर्कशींमधून जगभर गेला, म्हणजे तसा तरुणच. चालींची नावं अजून पक्की बसलेली नाहीत. एका स्टुडिओतला रशियन क्लाइंब दुसरीकडे बेसिक क्लाइंब असतो. त्यामुळे नावापेक्षा रचना लक्षात ठेवलेली बरी.

साध्या चढाईत कापड एका पायाच्या बाहेरच्या बाजूने उतरतं आणि त्या पावलाच्या वरून आतल्या बाजूला जातं. दुसऱ्या पायाचा तळवा त्यावर दाबून ठेवायचा, म्हणजे कापड दोन पावलांमध्ये चिमटलं जातं. हात वर, गुडघे छातीशी, पावलांनी चिमटा, आणि मग पाय सरळ करत उभं राहणं. वर नेतात ते पाय. हात फक्त जागा धरून ठेवतात. नवशिके नेमकं उलट करतात: गुडघे अर्धवटच उचलतात, उरलेलं अंतर हातांनी ओढून काढतात आणि चार पावलांत त्यांचे हात कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखे होतात. चिमटा घसरत असेल तर पाऊल पाहा. घोटा सैल सुटलेला असतो. बोटं नडगीकडे खेचली की कापडाला कोन मिळतो आणि पकड येते.

फ्रेंच क्लाइंबमध्ये कापडाचा एक वेढा एका पायाभोवती कायम राहतो आणि दुसरं पाऊल टेल उचलून त्या पावलाशी दाबतं. ही चढाई थोडी संथ असते, पण वेढा असल्यामुळे मधे थांबून दम घेता येतो.

उतरताना घसरगुंडी करायची नाही. नायलॉनवर हात घसरला की घर्षणाची उष्णता थेट कातडीत जाते आणि तळहातावर फोड येतात. हाताखाली हात घेत, पावलांचा चिमटा ढिला-घट्ट करत उतरावं.

फूट लॉक: पहिलं कुलूप

फूट लॉक म्हणजे पावलाभोवती कापडाचा इंग्रजी आठ: एक वळसा घोट्याभोवती, एक तळव्याखालून. पाय उचलून कापडाभोवती बाहेरून फिरवला की पहिला वळसा मिळतो. मग दुसऱ्या पायाने टेल पावलावरून पलीकडे ढकलायची आणि वजन हळूहळू त्या पायावर द्यायचं. वजन पडताच वरचा पट्टा खालच्या पट्ट्याला दाबतो, म्हणजे जितका भार तितकं कुलूप घट्ट. यावर उभं राहून दोन्ही हात सोडता येतात. बाकी सगळ्या सुंदर आकृत्यांची सुरुवात बहुधा इथूनच होते.

बिघडतं ते तीन प्रकारे. टेल चुकीच्या बाजूने ओलांडली तर आठ बनत नाही, नुसता वळसा राहतो, आणि वजन देताच तो सुटतो. घोटा आतल्या बाजूला मुरडला तर कुलूप बोटांकडे सरकतं आणि पावलाचा कडेचा भाग विनाकारण दुखतो. तिसरं म्हणजे उभं राहताना गुडघा वाकलेला राहणं. मग भार पायाऐवजी हातांवर येतो आणि कुलूप घट्टच होत नाही. म्हणून हे सगळं मॅटपासून ३० सेंटिमीटरवर शिकायचं, दोन्ही पायांनी, डोळे मिटूनही जमेपर्यंत. वर गेल्यावर खाली वाकून पाऊल तपासणं फार महागात पडतं. दोन पट्टे वेगळे करून दोन्ही पायांना एकेक फूट लॉक घातला की स्प्लिटच्या आकृत्या करता येतात. तिथे मात्र लवचिकतेपेक्षा मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद जास्त लागते, कारण पाय फाकवणं कापड आपोआप करतं आणि मिटवायचं काम आपलं असतं.

उलटं होणं आणि हिप की

स्ट्रॅडल इन्व्हर्जन, म्हणजे पाय फाकवून उलटं होणं. कापड चेहऱ्यासमोर, कोपर वाकलेले आणि बरगड्यांजवळ. आधी खांदे खाली, मग छाती मागे झुकवायची, गुडघे छातीशी आणायचे, ओटीपोट आत घेऊन कंबर गोल करत नितंब हातांच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि त्यानंतरच पाय कापडाच्या दोन्ही बाजूंना उघडायचे. क्रम महत्त्वाचा आहे. पाय लवकर उघडले की लांब दांड्यासारखे ते पुढे राहतात आणि सगळा भार पोटावर येऊन शरीर अर्ध्यात अडकतं. मान मागे फेकली की पाठ कमानीसारखी होते आणि नितंब वर जाण्याऐवजी पुढे सरकतात. जमिनीवरून उडी मारून उलटं होण्याची सवय तर लावूच नये, कारण हवेत उडी मारायला जमीन नसते. कापडाला कमरेच्या उंचीवर गाठ मारून त्यात बसून सराव करावा. नंतर मॅटवर पाय टेकवून, मग फूट लॉकमधून, आणि शेवटी मोकळ्या हवेत. उलट्या क्रमाने उतरणंही तितक्याच संथपणे यायला हवं. चार सेकंद वर, चार सेकंद खाली, ही चांगली कसोटी.

हिप की ही माझ्या मते या खेळातली सर्वांत हुशार रचना. शरीर कापडाच्या बाजूला घेऊन, दोन्ही हात वर धरून नितंब उचलायचे आणि आतला पाय पुढून फिरवत कापडापलीकडे न्यायचा. कापड जांघेच्या घडीतून आडवं येतं, टेल मांड्यांच्या आधाराने मागे दाबली जाते आणि पोट जमिनीकडे वळतं. आता शरीर स्वतःच्याच वजनाने कापड चिमटून धरतं. कापड घडीतच बसायला हवं. ते वर सरकून कमरेच्या मऊ भागावर आलं तर पकड ढिली होते आणि बरगड्यांखाली काचतं. पाय जुळलेले आणि किंचित पुढे दुमडलेले ठेवायचे. पाय ताणून कंबर सरळ केली की घडीच नाहीशी होते आणि कुलूप उघडतं. हात सोडताना आधी एक सोडायचा, दोन श्वास थांबायचं, सरकत नसेल तर दुसरा.

यापुढच्या बहुतेक चाली याच भांडवलावर उभ्या असतात. क्रॉस-बॅक स्ट्रॅडलमध्ये दोन्ही पट्टे पाठीवर एकमेकांना छेदतात आणि पाय त्यांच्याभोवती फिरतात. मांडीभोवती वेढा घेऊन टेल हातात धरली की बिले पोझिशन मिळते. तिथे टेल हाच ब्रेक.

ड्रॉप

ड्रॉप म्हणजे घातलेले वेढे ठरवून उलगडणं. प्रत्येक वेढा उलगडताना शरीर साधारण त्या वेढ्याच्या घेराइतकं खाली येतं. म्हणून खोली आधी मोजता येते, आणि मोजायलाच हवी. समजा कमरेचा घेर ८० सेंटिमीटर आणि वेढे तीन: २.४ मीटर. थांबल्यावर डोकं खाली असेल तर कंबरेखाली धड-डोक्याचा सुमारे १ मीटर. कापडाचा ताण ०.३ मीटर. शिवाय १ मीटर राखीव. बेरीज ४.७ मीटर. सुरुवातीला कंबर मॅटपासून इतक्या उंचीवर नसेल तर तो ड्रॉप त्या दिवशी करायचा नाही.

प्रकार ढोबळमानाने तीन. व्हील-डाउन किंवा विंडमिलमध्ये शरीर चाकासारखं फिरत उतरतं आणि हातांनी वेग राखता येतो. शिकायला हाच प्रकार आधी. स्टार ड्रॉपमध्ये हातपाय ताऱ्यासारखे फाकवून कमरेचे वेढे एका दमात उलगडतात. इथे पाय जवळ आले की फिरण्याचा वेग वाढतो, म्हणून शेवटपर्यंत ते ताठ आणि उघडे ठेवायचे. साल्टोत एक कोलांटी मारून मांडीतल्या किंवा जांघेतल्या कुलुपात शरीर अडकतं. आणि या तिन्हींच्या पलीकडे स्लॅक ड्रॉप: कापडाचा मुद्दाम ढिला सोडलेला फास, त्यातून काही क्षण मोकळं पडणं आणि मग एकदम थांबणं. दिसायला हा सर्वांत थरारक, आणि सांध्यांवर सर्वांत क्रूर.

किती क्रूर, तेही मोजता येतं. १ मीटर मोकळं पडून ३० सेंटिमीटरच्या ताणात थांबलं तर थांबण्याचा सरासरी भार वजनाच्या ४.३ पट येतो. ६० किलोंच्या माणसाचे साधारण २६० किलो. तेच १५ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ७.७ पट. क्षणिक कमाल भार याहूनही जास्त असतो. मध्यम ताणाचं कापड थांबण्याचं अंतर वाढवतं, म्हणून ड्रॉप करणारे ते पसंत करतात. टांगणीसाठी यावर पाचपट सुरक्षा धरली तर २६० चे १३०० किलो, म्हणजे बळाच्या एककात जवळपास १३ किलोन्यूटन. एका माणसासाठी इतकी तयारी कशाला, असं विचारणाऱ्याला हा हिशोब दाखवावा.

ड्रॉपमध्ये अपघात होतो तो बहुधा ताकद कमी पडल्याने होत नाही. वेढ्याची दिशा चुकल्याने होतो. पहिला वेढा उजवीकडून आणि पुढचा डावीकडून घातला, तर दुसरा वेढा पहिल्यालाच उलगडून टाकतो. दिसताना दोन वेढे दिसतात, प्रत्यक्षात शून्य असतात. त्यामुळे हात सोडण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलून तपासायच्या. पोल कुठून येतोय? टेल कुठल्या बाजूने बाहेर पडतेय? आणि सगळे वेढे संपल्यावर शेवटी मला काय धरून ठेवणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता आलं नाही तर वेढे उलट क्रमाने काढून खाली यायचं. मानेजवळून जाणारा पट्टा दिसला तरीही तेच. केस बांधलेले हवेत, कारण फिरताना वेणी वेढ्यात गुंडाळली जाते.

नवा ड्रॉप आधी जमिनीवर झोपून, वेढे घेऊन, लोळत करून पाहावा. मग कमी उंचीवर, हात न सोडता, एकेक वेढा संथपणे उलगडून. प्रशिक्षक खाली उभा असताना आणि त्याने होकार दिल्यावरच पूर्ण वेगाने. थकल्यावर, वर्गाच्या शेवटी, एक शेवटचा म्हणून केलेला ड्रॉप हा प्रकार बंद करावा.

दुखणं कुठलं चालतं, कुठलं नाही

गुडघ्यामागे, मांडीवर, पावलावर निळे-जांभळे डाग पहिल्या महिन्यांत येतात आणि पुढे कमी होतात. काचणंही सवयीचं होतं. मुंग्या येणं आणि बधिरपणा यांना मात्र सवय हा उपाय नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली हाडाच्या उंचवट्याशी एक मज्जातंतू अगदी कातडीलगत जातो. तिथे वेढा दाबून बसला तर पाऊल वर उचलणं काही काळ अवघड होऊ शकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला पट्टा काचला तर तीच गत मनगटाची. बधिर वाटताक्षणी वेढा काढायचा, फोटो नंतर. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊ नये. घामट हातांना कलावंत राळ लावतात. ती चिमूटभर पुरते. थर चढला की कापड चिकट होतं आणि वेढे उलगडताना मधेच अडकतात.

वर अडकलात तर

हे प्रत्येकाच्या बाबतीत कधीतरी होतं, म्हणून त्याचाही सराव करावा. झटापट केली की वेढे आणखी आवळतात. आधी एका हाताने पोल डोक्याच्या वर पकडा. मोकळ्या पायाभोवती टेल घेऊन चिमटा किंवा फूट लॉक करा आणि त्यावर उभं राहून अडकलेल्या जागेवरचा भार काढा. भार गेला की कापड बोटाने सरकतं. मग सर्वांत शेवटी घातलेला वेढा सर्वांत आधी काढायचा. हे जमत नसेल तर खालच्या माणसाने टेल ओढायची नाही, कारण त्याने पकड घट्ट होते. त्याने टेल उचलून वर ढिली सोडायची, किंवा उंची कमी असेल तर मांड्यांखाली खांदा देऊन वजन उचलायचं. म्हणूनच एकट्याने सराव करत नाहीत, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा फोन खिशातच असतो.